चाचाने, चाच्याने

बोर्गाने कुऱ्हाड घातली ती म्हाताऱ्या सुकाणूवाल्याच्या खांद्यात. पातं इतकं खोल रुतलं की ते बाहेर काढण्यासाठी त्याला म्हाताऱ्याच्या छातीवर पाय ठेवून जोर लावावा लागला. रक्ताची चिळकांडी शिडापर्यंत उडाली. मग डेकवरचे खलाशी त्याने एकामागून एक कापत नेले. शेवटी पिंपाआड लपलेल्या हाना नावाच्या सहा वर्षांच्या मुलीला केसांना धरून उचललं आणि आपल्या जहाजावर नेलं. कप्तान तोरा हात बांधलेल्या अवस्थेत गुडघ्यांवर बसून हे सगळं बघत होता. तिथे भाग संपला.

दिंडोशीतल्या म्हाडाच्या एका बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर केतन सावंतने हेडफोन काढून गादीवर फेकला आणि तो रडायला लागला.

रविवारची सकाळ होती. समुद्री चाच्यांची ही जपानी ॲनिमे मालिका केतन दुसरीत असताना सुरू झाली होती आणि त्याला नोकरी लागून सुटली तरी चालूच होती. नवा भाग रविवारी सकाळी यायचा. केतन तो बघताबघता स्वतःच्या 'डोलकाठी' या चॅनेलवर लाइव्ह बोलायचा. मालिकेची चित्रं दाखवली तर व्हिडिओ काढून टाकला जातो, म्हणून प्रेक्षकांना फक्त केतनचा चेहरा दिसायचा आणि त्याच्यामागची खिडकी. लोक आपापल्या फोनवर भाग लावायचे आणि केतनबरोबर ओरडायचे, शिव्या द्यायचे, रडायचे.

त्याची मामेबहीण अपूर्वा राणे याच बिल्डिंगमध्ये एक मजला खाली राहायची. रसायनशास्त्रात एमएस्सी करून ती अंधेरीच्या एका पाणी तपासणीच्या लॅबमध्ये लागली होती. रविवारी ती गादीच्या कडेला बसून कॉमेंट वाचायची आणि केतनला शब्द पुरवायची. 'चाचा' हा शब्द तिचाच.

"पायरेट पायरेट काय करतोस?" ती पूर्वी एकदा म्हणाली होती. "आपल्याकडे शब्द आहे. चाचा. अनेकवचन चाचे. ते करतात ती चाचेगिरी."

"लोक हसतील यार. चाचा म्हणजे खाली इस्त्री करतो तो."

"म्हणून तर नीट चालव शब्द. काका, मामा यांना काकाने, मामाने होतं. नातं असलं की शब्द बदलत नाही. हा घोड्यासारखा. घोडा, घोड्याने. चाचा, चाच्याने. त्या एका 'च्या'वर कळतं की हा समुद्रावरचा आहे."

"म्हणजे इस्त्रीवाला चाचाने, आणि बोर्गा चाच्याने."

"शाबास. बारावीत एवढं लक्ष दिलं असतंस तर."

प्रेक्षकांना शब्द आवडला होता. कॉमेंटमध्ये पोरं एकमेकांना चाचे म्हणायला लागली होती.

पण आज केतनला भान नव्हतं. त्याचे डोळे सुजले होते, नाक वाहत होतं. तो कॅमेऱ्याच्या अगदी जवळ गेला.

"चाचाने पोरगी उचलली," तो म्हणाला. "सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उचलली आणि एकाने हात उचलला नाय. सहा वर्षांची पोर आहे रे ती. केसांना धरून नेली. आता कायदा नाय, काय नाय. चाचा दिसला की तोडायचा. हातपाय तोडायचे. मेला तरी चालेल, मी सांगतो ना, मेला तरी चालेल."

अपूर्वाने कॅमेऱ्यामागून ओठ हलवले. च्या, च्या. केतनने तिच्याकडे बघितलं नाही. कॉमेंट इतक्या वेगाने वर सरकत होत्या की तीही विसरून गेली.

त्या बोलण्यातला छोटासा तुकडा कोणीतरी कापला. कोणी ते नंतरही कळलं नाही. गंमत म्हणून कापला असेल. सोमवारी दुपारपर्यंत तो अनोळखी लोकांच्या फोनमध्ये पोचला होता आणि त्याच्या डोक्यावर मजकूर चढला होता. दिंडोशी. चाचाने मुलगी पळवली. बापाचा आक्रोश. पुढे पाठवा. केतनच्या मागच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसत होती आणि टाकीवर वसाहतीचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. बोर्गा, हाना, जहाज यांतलं काहीच दिसत नव्हतं. दिसत होता एक रडणारा तरुण.

अपूर्वाचा फोन तेव्हा लॅबच्या लॉकरमध्ये होता. मशीनजवळ फोन न्यायला बंदी होती. केतन रात्रभर जागून मालिकेचे जुने भाग बघत बसला होता, तो दुपारी झोपला.

श्यामसुंदर जिन्याखाली इस्त्री करायचा. लोखंडी इस्त्रीत कोळसा भरून, दुपारी तापलेल्या भिंतीला पाठ लावून. त्याचं गाव जौनपूरकडे. त्याला बिल्डिंगमधले म्हातारेही चाचा म्हणायचे आणि पोरंही. तळमजल्यावरची चेतना मालाडला साड्यांच्या दुकानात कामाला होती, तिला संध्याकाळी लवकर येता यायचं नाही. म्हणून तिच्या मुलीला, समीक्षाला ट्यूशनला सोडायचं काम श्यामसुंदर करायचा. इस्त्रीतले कोळसे राखेखाली दाबायचा, पोरीचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवायचा आणि निघायचा. वसाहतीत त्यांच्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघायचं नाही. ट्यूशन मात्र मार्केटच्या पलीकडच्या गल्लीत होती आणि तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं.

सोमवारी मार्केटच्या तोंडाशी समीक्षाला बर्फाचा गोळा दिसला. तिला खोकला होता. श्यामसुंदर नाही म्हणाला. ती रस्त्यातच फतकल मारून बसली. त्याने तिला दंडाला धरून उठवलं.

"चाचा, सोड," ती किंचाळली. "मला नाय यायचं तुझ्याबरोबर. सोड मला."

मोबाइल कव्हरच्या ठेल्याशी उभ्या असलेल्या तिघांनी माना वळवल्या. त्यांतल्या एकाच्या हातात हेल्मेट होतं.

"ए, थांब," तो म्हणाला. "पोरगी कोणाची?"

"पड़ोस की है, भैया. ट्यूशन छोड़ने जा रहा हूँ."

"नाव काय तुझं?"

श्यामसुंदर हसला. लोक नाव विचारायचे तेव्हा तो नेहमी सांगायचा तेच त्याने सांगितलं. "चाचा बोलते हैं सब."

हेल्मेट त्याच्या जबड्यावर बसलं.

अपूर्वा बसमधून उतरून गेटपाशी येत होती तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या प्रेमाकाकीचा फोन आला. प्रेमाकाकी भाजी आणायला गेली होती आणि तिला धाप लागली होती.

"गो अपूर्वा, चाचाक मारतत. मार्केटात. मी मधी गेलंय तर माका ढकलून दिल्यानी. बेगीन ये गो. जीव घेतले तेचो."

अपूर्वाने तिथूनच केतनला हाक मारली. तो चपला न घालता खाली आला. पळतापळता तिने फोन उघडला. बिल्डिंगच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, तिच्या मामाच्या गावच्या ग्रुपवर केतन रडत होता. तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने बघितलं आणि तो आणखी जोरात पळायला लागला.

मार्केटच्या तोंडाशी माणसांची भिंत झाली होती. मागचे टाचा उंचावून फोन वर धरत होते, पुढचे मारत होते. अपूर्वा कोपरं मारत आत घुसली. श्यामसुंदर कुशीवर पडला होता. त्याचा सदरा पाठीवर उभा फाटला होता. एक माणूस त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होता, अगदी शांतपणे, एक झाली की पाय मागे घेऊन दुसरी. प्रत्येक लाथेसरशी श्यामसुंदरच्या घशातून हवा बाहेर पडल्यासारखा आवाज यायचा. एकाने त्याचा उजवा हात पसरून बोटांवर बूट ठेवला आणि वजन टाकलं. हाड मोडल्याचा आवाज अपूर्वाला इतक्या गोंगाटातही ऐकू आला. त्याच्या तोंडापुढे लालसर लाळेचा ओघळ होता आणि त्यात एक दात.

"सोडा त्यांना," ती ओरडली. "आमचे इस्त्रीवाले आहेत ते. पोरीच्या आईनेच सांगितलंय सोडायला."

"बघितलंय आम्ही सगळं," हेल्मेटवाला म्हणाला. "व्हिडिओ आहे."

"तो व्हिडिओ कार्टूनबद्दल आहे. त्यातला चाचा म्हणजे काका नाही. चाचा म्हणजे समुद्रावरचा दरोडेखोर. मराठी शब्द आहे तो. डिक्शनरीत बघा."

"दरोडेखोर ना? मग बरोबरच आहे."

"अहो, मुलगी कार्टून आहे."

"ती कार्टून आहे?" त्याने बोट दाखवलं. एका बाईने समीक्षाला कडेवर घेतलं होतं आणि बाटलीने पाणी पाजायचा प्रयत्न करत होती. समीक्षा हातपाय झाडत चाचा, चाचा म्हणून हंबरडा फोडत होती. "बघ कशी घाबरलीय त्याला. तू कोण याची? पार्टनर?"

कोणीतरी अपूर्वाची ओढणी मागून खेचली. गळ्याला फास बसला. ती मागे कोलमडली आणि तिच्या पोटरीवर एक लाथ बसली, चुकून की मुद्दाम ते कळलं नाही. तिने ओढणी सोडून दिली.

तेवढ्यात केतन आत आला. क्षणभर त्याला कोणी ओळखलं नाही. मग फोन धरलेल्या एका पोराने फोनकडे बघितलं, केतनकडे बघितलं.

"हा बघ, हाच तो. बाप आलाय, बाप. वाट द्या रे."

भिंत दुभंगली. लाथा थांबल्या. कोणीतरी केतनच्या पाठीवर हात ठेवला, कोणीतरी त्याला मिठी मारली. बाईने समीक्षाला त्याच्याकडे दिलं. ती त्याला ओळखत होतीच, तिने त्याच्या मानेला घट्ट विळखा घातला आणि लोकांची खात्री पटली. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले.

हेल्मेटवाल्याने शेजारच्या दुकानातून शटर ओढायची लोखंडी सळी आणली. पुढे आकडा असलेली, माणसाच्या उंचीची. ती त्याने केतनच्या हातात दिली.

"घे. जीव ठेवलाय आम्ही त्याच्यात तुझ्यासाठी. पुढचं तुझं."

अपूर्वा जमिनीवरून बघत होती. आता हा खरं सांगेल, असं तिला वाटलं. आणि त्याच क्षणी तिला हेही आठवलं की तिनेही खरं तेच सांगितलं होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता. केतनने समीक्षाला खाली ठेवलं. त्याने श्यामसुंदरकडे बघितलं. श्यामसुंदरचा एक डोळा बंद झाला होता, दुसरा केतनवर होता. त्या डोळ्यात ओळख होती, आणि सळी दिसल्यावर त्या ओळखीचं काय करावं हे त्याला समजत नव्हतं. त्याने मोडका हात डोक्यावर घेतला.

"मार ना," मागून आवाज आला. "घाबरतो काय? आम्ही आहोत."

"हा नाय," केतन म्हणाला.

"काय?"

"हा तो नाय." आता त्याचा आवाज रविवारचा होता. भरलेला, फुटायला आलेला, लोकांना धरून ठेवणारा. "हा वेगळा आहे. मी बघितलंय ना त्याला माझ्या डोळ्यांनी. त्याला डावा कान नाय. मुळापासून कापलेला आहे. याचा बघा. बघा याचा कान."

बोर्गाला डावा कान नव्हता.

हेल्मेटवाला खाली वाकला. त्याने श्यामसुंदरचं डोकं केसांना धरून वळवलं आणि अंगठ्याने कानावरचं रक्त पुसलं. कान होता. त्याने खात्रीसाठी तो ओढूनही बघितला.

"आहे रे," तो म्हणाला. "मग अगोदर सांगायचं ना व्हिडिओत. कुठे गेला तो?"

"माहीत नाय."

"उंच की बुटका?"

केतनने ओठ चावले. "उंच," तो म्हणाला. कारण थांबला असता तर सगळे पुन्हा खाली बघू लागले असते.

माणसं पांगली. सळी दुकानदाराने परत नेली. जाताजाता एकाने श्यामसुंदरच्या खिशात पन्नासची नोट कोंबली.

रिक्षा मिळेना. तिसरी थांबली. म्युनिसिपल हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत डॉक्टरने सांगितलं की तीन बरगड्या मोडल्यात, हाताची बोटं पुन्हा नीट वळतील की नाही सांगता येत नाही, फुप्फुसाजवळ रक्त साठलंय का ते बघावं लागेल, आणि रात्र गेली तर पुढे धोका कमी. हवालदाराने नावं लिहून घेतली. चेतना मालाडहून आली आणि समीक्षाला छातीशी धरून भिंतीला टेकली.

श्यामसुंदर कॉरिडॉरमधल्या स्ट्रेचरवर होता, पण शुद्धीत होता. पट्टीखालून तो हळू बोलत होता.

"हमने क्या किया था, बेटा?"

अपूर्वाने केतनकडे बघितलं. मग तिनेच सांगितलं. कार्टूनमध्ये एक समुद्री डाकू आहे. त्याने एक मुलगी पळवली. मराठीत समुद्री डाकूला चाचा म्हणतात. केतन त्याच्याबद्दल बोलला आणि लोकांना वाटलं तुमच्याबद्दल बोलला. सांगताना तिने वाक्यं शक्य तितकी लहान ठेवली.

श्यामसुंदरने मान तिच्याकडे वळवली.

"मराठी में चाचा मतलब डाकू?"

"वो अलग शब्द है, चाचा. तुमचा वेगळा."

"बाईस साल से सब हमको चाचा बोलते हैं," तो म्हणाला. "तुम्हारा बाप भी बोलता था. बहुत अच्छा लगता था हमको."

"नाही हो, तो काका अर्थाने." ती त्याला घोडा, घोड्याने सांगायला लागली आणि अर्ध्यात थांबली. त्याने डोळा मिटून घेतला होता. त्याचा विश्वास बसला की नाही ते तिला कळलं नाही.

खिशात फोन थरथरला. मामाच्या गावच्या ग्रुपवर नवा निरोप होता. गोरेगाव, मालाड, कांदिवली सावधान. डावा कान कापलेला उंच माणूस लहान मुली पळवतो. दिसल्यास सोडू नका. खाली पुन्हा तोच व्हिडिओ.

तिने फोन केतनला दिला. त्याने वाचलं, आणि तो तिथेच कॉरिडॉरमध्ये लाइव्ह गेला. त्याच्या शर्टावर श्यामसुंदरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. तो म्हणाला, कानाचं मी खोटं सांगितलं, असा कोणी माणूस नाही, कोणाला हात लावू नका, आमच्या इस्त्रीवाल्याला आज जवळजवळ मारून टाकलं. कॉमेंट आल्या. भावा, एपिसोड रविवारी असतो. बोर्गाची थिअरी का ही? रक्त एक नंबर, कुठून आणलं?

"चाचांना दाखवू का?" केतनने विचारलं. "तोंड दाखवलं तर पटेल."

श्यामसुंदरने डोळा न उघडता मान हलवली. "नहीं. गाँव में बिटिया देखेगी."

केतनने लाइव्ह बंद केलं.

"मी मार्केटला जातो," तो म्हणाला.

"वेडा आहेस का? पोलिसांना सांगू आपण."

"सांग तू. पण मेसेज पोलीस पाठवत नाहीयेत. तिथली माणसं पाठवतायत. त्यांनी माझं ऐकलंय एकदा."

"तेव्हा त्यांना हवं ते सांगत होतास."

"माहीत आहे."

ती हवालदाराला गाठायला धावली. त्याच्याशी बोलून, त्याला बरोबर घेऊन ती निघेपर्यंत केतन पुढे गेला होता.

मार्केट अजून उघडं होतं. कव्हरच्या ठेल्याशी तेच तिघे चहा पीत होते. रस्त्यावर कोणीतरी पाणी ओतलं होतं. केतन हेल्मेटवाल्यासमोर जाऊन उभा राहिला.

"दादा, मेसेज थांबवा," तो म्हणाला. "कान नसलेला कोणी नाय. पोरगी पळवलेली नाय. मी बाप नाय कोणाचा. मी कार्टून बघून रडत होतो. मारू नका म्हणून खोटं बोललो."

हेल्मेटवाल्याने चहाचा ग्लास ठेल्यावर ठेवला.

"म्हणजे आम्ही त्या म्हाताऱ्याला उगाच मारलं?"

"हो."

"कार्टूनसाठी?"

"हो."

हेल्मेटवाल्याने आजूबाजूला बघितलं. लोक ऐकत होते. त्यांच्यात डोळे पुसणारा तो म्हाताराही होता. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मग हेल्मेटवाल्याने केतनच्या कानाखाली अशी लगावली की तो ठेल्यावर आदळला आणि कव्हरं रस्त्यात विखुरली. दुसऱ्याने त्याला कॉलर धरून उठवलं आणि तोंडावर ठोसा मारला. नाकातून रक्त आलं. कोणीतरी म्हणालं, फसवतो साला. दुरून हवालदाराची शिट्टी ऐकू येत होती.

केतनने हात वर केले नाहीत. तोंडातलं रक्त थुंकून तो उभा राहिला आणि गर्दीतल्या ज्या पोराच्या हातात फोन होता त्याच्याकडे वळला.

"तू घे व्हिडिओ," तो म्हणाला. "नीट घे. चेहरा येऊ दे. तो इस्त्रीवाला आहे. त्याचं नाव श्यामसुंदर आहे."

पोराने फोन वर धरला. केतनने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि पुढचा फटका त्याच्या मानेवर बसला तेव्हा तो वाक्याच्या मध्यात होता.